अडतिसावा तुकडा

रविवारची दुपार होती, आणि काम तसं साधंच होतं. कॉलेजात जायचं, मामाचं अंग सोडवायचं आणि होतं तसं पुन्हा लावून ठेवायचं.

मामा म्हणजे कुणी माणूस नव्हे. कातडी सोलल्यावर माणूस जसा दिसेल तसा रंगवलेला, पुरुषभर उंचीचा प्लॅस्टिकचा पुतळा. त्याचे सदतीस स्नायू सुटे होते. प्रत्येकाच्या मागे एक खुंटी, खुंटीशेजारी आकडा. खुंटी खाचेत दाबली की टक् करून बसायची. अधू झालेल्या माणसाला व्यायाम देऊन पुन्हा चालतं करायची विद्या तिथं शिकवत, आणि ती सगळी विद्या या मामाच्या अंगावरून गिरवावी लागायची.

या कामाला निघालेली मुलगी घरात धाकटी, म्हणून तिचं नाव धाकटीच पडलं होतं. मागच्या खेपेला ती नेमकी स्नायूंतच नापास झाली होती. उद्या पुन्हा परीक्षा. उद्या नापास झाली तर नाव कमी होणार, तिसरी संधी नाही. आई शिवणकाम करायची. तिनं तर येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षापासून गुडघे दुखले तर माझ्या लेकीकडे या.

निघताना धाकटीनं आईच्याच मांडीवर बोट ठेवून उजळणी केली. "हा सार्टोरियस. मांडीवरून तिरका उतरतो. मांडी घालून बसायला लागतो, म्हणून याला शिंप्याचा स्नायू म्हणतात."

"अगं बाई, आमच्या धंद्याचाही निघाला का? मग हा तरी चुकू नकोस. चुकलीस तर घरात घेणार नाही," असं म्हणून आईनं पुन्हा मशीन सुरू केलं.

कॉलेजात मॉडेलची खोली शिपाई मावशींच्या ताब्यात असायची. उन्हानं रंग उडतात म्हणून पडदे कायम ओढलेले. बाहेर रणरणतं ऊन आणि आत संध्याकाळ झाल्यासारखं. स्पिरिटचा आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटाचा वास. मावशींनी दिवा लावला, पांढरं फडकं अंथरलेला ट्रे पुढ्यात ठेवला आणि नेहमीचं बजावलं, "जाताना ट्रे रिकामा दिसला पाहिजे. तुकडा हरवला किंवा उरला, तर मी सरांना सांगणार. मग उद्या परीक्षेला बसायचं विसरायचं."

"हो मावशी."

"आणि मामाशी गप्पा मारत बसू नकोस. तो काही सांगायचा नाही."

मावशी हसत बाहेर गेल्या. चपलांचा आवाज जिन्यापर्यंत गेला आणि विरला.

सरांची शिकवायची एक पद्धत होती. आधी मामाच्या स्नायूवर बोट, मग स्वतःच्या अंगावर त्याच जागी बोट, आणि मग तो स्नायू हलवून बघायचा. कुठून निघतो, कुठे जाऊन बसतो, काम काय करतो, ही तीन उत्तरं जिभेनं नाही, अंगानं द्यायची. धाकटी तसंच करत गेली. खांद्यावरचा डेल्टॉइड काढला, स्वतःचा हात बाजूला उचलला, बोटाखाली गोळा घट्ट झाला. दंडाचा काढला, कोपर दुमडलं. पोटरीचा काढला, टाचा उचलल्या. तासाभरात मामा हाडांवर आला आणि ट्रे लालभडक भरला.

मग तिनं लावायला घेतलं. खालून वर, एकेक आकडा पुटपुटत. टक्... टक्... त्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

ट्रेमध्ये एक तुकडा उरला होता.

तिनं मामाला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. कुठेही जागा मोकळी नाही. पुन्हा मोजलं, मामाच्या अंगावर बरोबर सदतीस. हा अडतिसावा वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, बाकीच्यांपेक्षा काळपट. एका टोकाला खुंटी होती, आकडा नव्हता. दुसरं टोक मात्र नुसतंच निमुळतं होत गेलेलं. आपण हा काढल्याचं तिला काही केल्या आठवेना.

जिन्यावर चपला वाजल्या.

"झालं का गं?"

"आलेच... एक मिनिट, मावशी."

पिशवीत टाकावा तर दारात पिशवी तपासत. खरं सांगावं तर सरांपर्यंत जाणार. तिनं घाईघाईनं मामाच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि डाव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, कडेखाली एक खाच लागली. आधी कधी न पाहिलेली. खुंटी दाबली. टक्.

आणि सवय वाईट असते. मामाच्या अंगावर बोट ठेवलं की पाठोपाठ स्वतःच्या ठेवायचं. तिचा हात मागे गेला, डाव्या फऱ्याखाली. तिनं ती जागा हलवून बघितली.

हलली.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "काही उरलं नाही ना?"

आयुष्यभर ती ज्याचा हिशेब करत बसणार होती तो एकच शब्द ती बोलली. "नाही."

दुसऱ्या दिवशी मामाच्या अंगावर वीस ठिकाणी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. घंटा झाली की पुढे सरकायचं, नाव लिहायचं. धाकटीला विचार करावाच लागला नाही. प्रत्येक चिठ्ठीसमोर फऱ्याखाली बारीकशी ओढ बसायची आणि नाव हातातून उतरायचं. बाहेरगावचे परीक्षक तर म्हणाले, "मागच्या वेळी नापास कशी झालीस गं तू?" विसातले वीस बरोबर आले. निघताना तिनं मामाच्या पाठीमागे जाऊन पाहिलं. फऱ्याखाली गुळगुळीत प्लॅस्टिक. तुकडा नाही, खाचही नाही.

ती तडक मावशींकडे गेली. सगळं सांगितलं. मावशींनी मान वर न करता ऐकलं.

"काल ट्रे रिकामा होता," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीतलं काही उरलेलं नाही. आता जे आहे ते तुझं तू बघ, बाई."

घरी आईनं तिला मिठी मारली, आणि पाठीवरून फिरणारा आईचा हात मध्येच थबकला.

"हे काय गं? इथं ओढ कसली?"

शिवणाऱ्या बाईची बोटं ती. आईनं फऱ्याखालून चाचपायला सुरुवात केली, शिवण धरावी तशी. बोटं पाठीवरून सरकली, पाठ संपली, तरी आईचा हात सरकतच राहिला. हवेत. चिमटीत काहीच दिसत नव्हतं, पण हात ताणलेल्या दोऱ्यावरून चालावा तसा चालला होता. दारापर्यंत गेला.

"बाहेर जातंय," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तू नको ना हलवूस."

"मी नाही हलवत, आई."

स्नायूचं काम दुसरं काय असतं? आखडायचं, आणि दोन टोकं जवळ आणायची. आई रोज दिवेलागणीला त्या ओढीच्या मागे जाऊ लागली. पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेली तरी टोक सापडलं नाही. चौथ्या दिवशी फाटकाच्या बरीच अलीकडे, रस्त्यावरच, ओढ एकदम जाड लागली आणि आई माघारी पळाली. सहाव्या दिवशी गल्लीचं तोंड. धाकटी भिंतीला पाठ टेकून बसायची, तर ओढ भिंतीतून यायची.

आठव्या दिवशी आई चप्पल घालून निघाली आणि लगेच परत आली. घराच्या जिन्यातला दिवा गेला होता. तिनं दार लावलं, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

"आई... सापडलं का टोक?"

आईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "चौथ्या पायरीवर. अंधारात हात लागला. खांदा आहे, फरा आहे. तिथंच, फऱ्याखालीच येऊन बसलंय ते दुसरं टोक." तिनं लेकीकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मापं घेतेय मी, धाकटे. खांद्याचं माप तुझंच आहे. केसभर कमी नाही की जास्त नाही."

"कोण आहे?"

"तोंड कसं दिसणार? तिची पाठ आहे आपल्याकडे," आई कुजबुजली. "ती पायऱ्या उलटी चढतेय."