पूर्वेकडचं टेबल

“चाँद किस तरफ से निकलता है आपके यहाँ?” मी विचारलं.

नोएडातल्या त्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटचा मॅनेजर आधी माझ्याकडे बघत राहिला, मग आभाळाकडे, मग परत माझ्याकडे. “मॅडम, करवा चौथ तो कब का हो गया.”

“करवा चौथ नहीं, बर्थडे है. मेरा. अगले महीने.”

“तो... केक पे चाँद बनवा दें?”

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. दाबलेलं हसू, म्हणून जास्तच झोंबणारं. मी वळले. चौकडीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, काडीला लावलेला अर्धा पनीर टिक्का. आणि डोळे... राहू दे. डोळ्यांचं नंतर.

“त्या दिवशी संकष्टी आहे का?” त्याने विचारलं. चक्क मराठीत.

तंदूरच्या धुरात, भरदुपारी, नोएडाच्या मधोमध कुणीतरी ‘संकष्टी’ म्हणालं आणि मला — राग आला. आधी हसायचं आणि मग अचूक ओळखायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत.

“तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही. माझी आई पण करते. पुण्यात. तुमच्याकडे कोण?”

“आईच. बाप्यांनी उपास केलेला ऐकलाय का कधी?”

“नाही ऐकला,” तो गंभीर झाला. मग टिक्क्याची काडी उचलून त्याने दिशा दाखवली. “पूर्व तिकडे. दिसेल चंद्र, पण त्या टॉवरच्या डोक्यावर चढल्यावर.”

तिकडे तीसेक मजल्यांचा टॉवर उभा होता, बेशरमासारखा.

“तोपर्यंत आई उपाशी?”

“तेच म्हणतोय. गच्ची चुकली तुमची.”

त्याचं नाव साकेत. पुण्याचा, इथे एका आयटी कंपनीत. दिल्लीत येऊन वर्षच झालं होतं, म्हणून ‘यार’ अजून जपून वापरायचा. मी देवयानी. जन्म दिल्लीचा, हिंदूरावच्या सरकारी इस्पितळातला, म्हणून ‘यार’ माझ्या रक्तातच.

तर, गोष्ट अशी होती. मी पंचवीसची होणार होते आणि मला दणका हवा होता. ढोल हवा, गाणी हवीत, शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोकही उठून नाचतील अशी जागा हवी. ऑफिसची सगळी गँग येणार होती. पण मला आईही हवी होती. नुसती फोटोपुरती नाही. शेजारच्या खुर्चीत, जेवताना.

कारण मी जन्मले ती वेळेच्या आधी, मूठभर. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा बाबा गणपतीला म्हणाले, पोर जगू दे, घरात जन्मभर संकष्टी होईल. नवस बाबांनी बोलला. उपास आईच्या वाट्याला आला. हे मी घरात तोंडावर बोलून दाखवलंय, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. बरं, आई माझ्यासाठी उपाशी राहते आणि माझ्याच मजेच्या वेळी म्हणते, “तुम्ही जा गं, मी घरी थांबते. तिथे चंद्र कुठे दिसायचा?” या वर्षी वाढदिवस आणि संकष्टी एकाच दिवशी आले होते. मी ठरवलं, चंद्र दाखवेन. मग बघू काय कारण काढते.

हे सगळं मी एका अनोळखी मुलाला, त्याचाच टिक्का खात, सांगून टाकलं.

“म्हणजे दणका पाहिजे, आणि पूर्वेला मोकळं आभाळ,” साकेत म्हणाला. “एनसीआरमध्ये. सोपं नाही यार.”

“तुम्ही कशाला टेन्शन घेताय?”

“मला शनिवारी काम नसतं... आणि तुम्ही माझा टिक्का संपवलात. आता हिशेब लांब चालणार.”

*

पुढचे शनिवार आम्ही गच्च्या पालथ्या घातल्या. गुरुग्रामला एका ठिकाणी संगीत असं की छातीत कंप सुटावा. पण पूर्वेला काचेच्या इमारतींची भिंत.

“इथे चंद्राला लिफ्टनेच यावं लागेल,” साकेत म्हणाला.

“आणि गेटवर एन्ट्री करून.”

दुसरीकडे आभाळ मोकळं, पण गाणी अशी की बाराव्याला आलोय असं वाटावं. तिसरीकडे सगळं जमलं, फक्त वेटर म्हणाला की आठनंतर ‘फॅमिली अलाउड नहीं’. मी त्याला विचारलं, तू आभाळातून पडलास का, तुला फॅमिली नाही? साकेतने मला बाहीला धरून बाहेर काढलं. बाही सोडायला त्याने जरा उशीरच केला. मी पण ती सोडवून घेतली नाही. जानेवारीची थंडी होती... असू दे.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, आठवत नाही. बहुतेक मेट्रोत, त्याने माझ्यासाठी जागा धरली आणि मी “बस की, पुतळा होऊन उभा काय राहिलायस” म्हणाले तेव्हा.

“तू नेहमी अशीच भांडतेस?”

“आवडत्या माणसांशी जास्त.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बोगद्यात होतो आम्ही. बाहेर काळोखाशिवाय काहीच नव्हतं. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

शेवटी सापडली. नोएडाच्या अगदी टोकाला, जिथे टॉवर संपतात आणि नदीकडची शेतं लागतात. चौथ्या मजल्यावर गच्ची, कडेने पेटलेल्या अंगीठ्या, मधोमध ढोलवाला, आणि पूर्वेला — काहीच नाही. नुसतं आभाळ. मी कठड्याला टेकून ते रिकामं आभाळ बघत राहिले आणि साकेत मला.

“काय बघतोस?”

“पूर्व,” तो म्हणाला. मी त्याच्या उत्तरेला उभी होते.

आता डोळ्यांचं सांगते. खोटं बोलता न येणारे डोळे होते ते.

मॅनेजर नीरजजींनी सगळं मान्य केलं. आईसाठी बिनकांद्या-लसणाची डाळ, साधा भात. “जैन वाली बना देंगे, मॅडम.” राहिले मोदक. संकष्टीचा उपास आमच्याकडे मोदकावर सुटतो.

“मोदक माझ्याकडे लागले,” साकेत म्हणाला.

“तुला येतात?”

“आईला येतात. व्हिडिओ कॉल आहे की.”

*

वाढदिवसाच्या संध्याकाळी आई तयार झाली, पण चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. बाबांच्या हातात गुंडाळी होती. कॅलेंडर! दर डिसेंबरला मामा पुण्याहून पाठवतो ते, भिंतीवरून खिळ्यासकट काढून आणलेलं.

“अहो, ते कशाला?” आई म्हणाली.

“चंद्रोदय नऊ पन्नास. लेखी असलेलं बरं.” बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. कागद दाखवल्याशिवाय त्यांच्या लेखी सूर्यही उगवत नाही.

आमच्या घरी असंच चालायचं. कॅलेंडरची वेळ झाली की बाबा आतून जाहीर करायचे, मग आई क्वार्टरच्या गच्चीवर जायची. थंडीच्या दिवसांत चंद्र कायम वीतभर वर आलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, दिल्लीचा चंद्र उगवतोच उंचावरून.

रेस्टॉरंटच्या दारात साकेत भेटला. हातात डबा, समोर गार्ड, आणि दोघांत जुंपलेली.

“सर, बाहर का मोमो अंदर नहीं जाएगा.”

“भैया, मोमो नहीं है, मोदक है.”

गार्डने झाकण उचललं, वाफ आली. “हम दार्जिलिंग के हैं, सर. मोमो हमको मत सिखाइए.”

मी आत डोकावले. गार्डची काही चूक नव्हती. कळ्या पडलेल्या नव्हत्या, दोन तर फुटून सारण बाहेर आलेलं. माझ्या पोटातून हसू फुटलं आणि मी दाबलंही नाही.

आई मात्र पुढे झाली. एक मोदक उचलून उजेडात धरला. “कुणी केले?”

“मी, काकू. पहिल्यांदाच.”

“उकड कोरडी राहिली,” आई म्हणाली. मग गार्डकडे वळली. “भैया, प्रसाद है. गणपति का. जाने दो.”

गार्डने हात जोडून वाट दिली. आईने डबा साकेतला परत दिलाच नाही. स्वतःच धरून चालू लागली. बाबांनी साकेतकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि कॅलेंडर या काखेतून त्या काखेत घेतलं.

*

वर नुसता जल्लोष. गँगने मला खुर्चीसकट उचललं. ढोलवाल्याने माझं नाव घेऊन ठेका धरला, शेजारच्या टेबलावरचे सरदारजी उठून नाचायला लागले. आईने निरांजन आणलं होतं. गोंगाटातच तिने मला ओवाळलं, तेव्हा ढोलवाल्याने आपणहून हात हळू केला. मी नाचले, घामाघूम झाले, ओरडून घसा बसला. पण आई पाण्याचा ग्लाससुद्धा न उचलता बसली होती, हसत, भुकेने पांढरी पडलेली. तिच्याकडे लक्ष गेलं की माझा पाय ठेका चुकायचा.

आणि मग साकेतने माझ्या कोपराला हात लावला. “देवयानी... ते बघ.”

शेतांच्या रेषेवर तांबूस चंद्र होता. एका कडेने किंचित खाल्लेला, मोठा, शांत. एवढ्या खाली तो मी कधीच पाहिला नव्हता.

“आई, चंद्र!”

आई उठली. बाबांनी हात आडवा केला. “अजून वीस मिनिटं आहेत गं.” आणि कॅलेंडर उघडून बोट ठेवलं. नऊ पन्नास.

साकेत वाकला, बारीक अक्षरं वाचली. “काका... या वेळा मुंबईच्या आहेत.”

“मग?”

“दिल्ली मुंबईच्या पूर्वेला आहे. इथे आधी उगवतो. हिवाळ्यात तर नक्कीच.”

बाबा कॅलेंडरकडे बघत राहिले. पुढे ढोल चालूच होता.

“म्हणजे,” आई सावकाश म्हणाली, “दर हिवाळ्यात चंद्र येऊन माझ्यासाठी थांबायचा, आणि मी आत बसून तुमच्या कॅलेंडरसाठी?”

“अगं, छापील होतं...”

“छापील राहू दे तिकडे. चंद्र समोर आहे, आता मी कशाला थांबू?”

तिने पाण्याचा ग्लास उचलला, कठड्याशी जाऊन कुंडीत अर्घ्य सोडलं, हात जोडले. परत आली आणि डब्यातला सगळ्यात फुटका मोदक तोंडात टाकला. डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा उचलून बाबांच्या हातावर ठेवला. “पुढच्या संकष्टीपासून नवस तुमचा, उपास पण तुमचा. माझा झाला.”

बाबांनी मोदकाकडे पाहिलं, चंद्राकडे पाहिलं. कॅलेंडरची परत गुंडाळी केली. “साबुदाणा भिजवायचा किती वेळ?” त्यांनी विचारलं. सरदारजींना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला रडू येत होतं आणि नाचायचंही होतं. मी कठड्याकडे गेले. साकेत मागोमाग आला. अंगीठीचा उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर. तो काहीतरी बोलणार होता... थांबला. घड्याळाकडे पाहिलं.

“काय रे?”

“काही नाही. मी... ठरवलं होतं. चंद्र उगवला की बोलायचं. नऊ पन्नासला. पाठ करून आलो होतो, यार. आता हा आधीच उगवला.”

“मग?”

“मग अजून तयारी नाही झाली.”

मी आईकडे पाहिलं. ती डाळभात कालवून पहिला घास घेत होती, माझ्या वाढदिवसाला, माझ्या टेबलावर, आणि ढोलाच्या ठेक्यावर तिची मान हलत होती.

“साकेत, आमच्या घरात आजपासून वेळेची वाट बघणं बंद झालंय,” मी म्हणाले. “तू मला आवडतोस. मोदक सोडून सगळाच.”

त्याचे कान लाल झाले, बोगद्यात झाले होते तसे. यावेळी मात्र तो बाहेर बघायला लागला नाही. त्याने माझी बाही धरली. मग बाही सोडून हात धरला.

“मोदक शिकेन,” तो म्हणाला. “वर्षभर संकष्ट्या आहेत.”