फेस नसलेला साबण

चिंचवडच्या रेल्वे फाटकाने त्या दिवशी दोघांनाही अडवले. इकबालच्या सायकलीवरचा पत्र्याचा डबा गळू लागला आणि शेजारी उभ्या असलेल्या शमीमच्या चपलेवर पांढरा फेस चढला.

"माफ करा हं बाई... आमच्या कारखान्याच्या डिटर्जंटचा नमुना आहे."

"डिटर्जंट?" तिने पायाकडे पाहिलेही नाही. "मला द्याल थोडा? सौम्य हवा मात्र."

शमीम पिंपरीच्या एका औषध कंपनीत संशोधक होती. साल एकोणीसशे ऐंशी. आणि तिच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरांचे सुविद्य मत असे, की बाईमाणसाचा साबणाशी संबंध धुण्याच्या दगडापाशीच शोभतो. पेशीचे आवरण सौम्य साबणाने विरघळवले तरी आतला प्रथिनांचा सांगाडा उभा राहतो, हे शमीमचे म्हणणे. शनिवारपर्यंत तो दाखवता आला नाही, तर तिची रवानगी पॅकिंग विभागात होणार होती.

दुसऱ्या दिवशी इकबालने बाटली आणून दिली. शमीमने पेशी त्यात भिजवल्या, निळा रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच कोरी! आवरणासोबत सांगाडाही वाहून गेला होता.

संध्याकाळी तिने त्याला फाटकापाशी गाठले.

"सौम्य मागितला होता. काय आणलंत तुम्ही?"

"सगळ्यात जोरदार," इकबाल ओशाळला. "सौम्याला फेसच येत नाही हो... तुम्हाला असला मरतुकडा साबण द्यायला हात धजेना."

"का?"

"का म्हणजे—" त्याने उगाचच घंटी वाजवली. "तुमच्यासमोर कमी पडू नये म्हणून."

 रागवावे कसे, हेच शमीमला सुचेना. "उद्या मरतुकडाच आणा. शनिवारी पेशीचा सांगाडा उभा राहायला हवा," ती कशीबशी म्हणाली. पण कानशिले तापली होती.

त्याने आणला. शनिवारी डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. आवरण गेले होते, आतला रस गेला होता; तरीही निळ्या तंतूंचे जाळे पेशीचा आकार धरून उभे होते. डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. "चालू ठेवा," ते म्हणाले. एवढ्या विद्वत्तेपाशी तेवढेच दोन शब्द शिल्लक होते.

संध्याकाळी फाटक उघडे होते, तरी इकबाल त्याच्या अलीकडेच थांबला होता.

"राहिला उभा सांगाडा?" त्याने विचारले.

"राहिला."

"म्हणजे... आता साबण लागायचा नाही." त्याचा चेहरा उतरला.

"लागेल. रोज. आणि इकबाल—" तिने प्रथमच त्याचे नाव घेतले, "मला फेस नसलेलाच आवडतो. साबण... आणि माणूसही."

 घंटी वाजवायचेही इकबालला सुचले नाही.