मागच्याला सांभाळा

गॅरेजवाल्याची स्वतःची गाडी कधी धड चालत नाही. मिस्त्रीचंही तसंच होतं. त्याच्या मोटारसायकलचं इंजिन कोपऱ्यात फडक्यावर सुटं पडलेलं असायचं, आणि कुठे जायचं झालं की तो गिऱ्हाइकाची गाडी बाहेर काढायचा. बायकोने हटकलं की उत्तर ठरलेलं, "ट्रायल घ्यायची आहे." भाजी आणायला ट्रायल, दाढी करायला ट्रायल. मेव्हण्याच्या लग्नालासुद्धा तो ट्रायलवरच जाऊन आला होता.

त्या दुपारी निमित्त जरा मोठं होतं. मुलगी आत्याकडे राहायला गेली होती, तेवढ्यात बसवाल्यांनी संप पुकारला आणि ती तिकडेच अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परीक्षा. एकुलती एक पोर, वर्षभर डोळे फोडून अभ्यास केलेला. तिला आणायला जायलाच हवं होतं. गॅरेजात चालू अवस्थेतली गाडी एकच उभी होती, काळी, अपघाताची. तिचा मालक, कुठल्याशा कचेरीतला कारकून, ती टेम्पोत घालून घेऊन आला होता. "कठड्याला धडकली. चालू करा, मला विकायची आहे," एवढंच बोलून गेला होता. मिस्त्रीने पुढचं सगळं नवं बसवलं. मागच्या बाजूला मात्र साधा ओरखडाही नव्हता.

ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्याचा एक नियम होता. अपघाताच्या गाडीची ट्रायल एकट्याने घ्यायची, मागे कोणाला बसवायचं नाही. का म्हणून विचारलं की उस्ताद पाना उगारायचा. मिस्त्रीने स्वतःची समजूत घातली, की जाताना आपण एकटेच आहोत, ट्रायल होऊन जाईल. येताना पोरीला बसवू. नियमही राहील आणि कामही होईल.

गावाबाहेर पडला तसा तो जरा सैलावला. मोटारसायकलवाल्यांच्या जमातीवर त्याचा फार जीव. ओळख ना देख, पण कोणाचा स्टँड खाली राहिलेला दिसला की चार जण ओरडून सांगणार. दिवसा दिवा चालू राहिला, तर समोरचा पंजाची उघडझाप करून दाखवणार. पेट्रोल संपलं की मागून कोणीतरी पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेणार, आणि आभार मानायच्या आत पसार होणार. जगात अजून माणुसकी आहे असं मिस्त्रीला वाटायचं, ते रस्त्यावरच.

चढण लागली तेव्हा पार्सलवाला एक पोरगा बाजूला आला. गाडीचा वेग जुळवून घेत म्हणाला, "काका, मागचे झोपलेत. सांभाळा हं."

मिस्त्रीने वळून पाहिलं. सीट रिकामी होती. चेष्टा करतोय लेकाचा, असं म्हणून तो हसला. पोरगा मात्र हसला नव्हता. पुढे जातानाही त्याने हाताने 'हळू, हळू' अशी खूण केली.

थोड्या वेळाने एक जोडपं स्कूटरवरून आलं. नवरा समोर बघत होता, बायको मिस्त्रीच्या मागे.

"अहो, त्यांना उठवा ना. मान बघा कशी लोंबतेय," ती कळवळून म्हणाली. मग नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत, "तू पण असाच झोपतोस बसल्या जागी."

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली. सीटवर हात फिरवला. ऊन असूनही रेक्झिन गार लागलं, पण सावलीतून आल्यावर लागतंच, असं तो म्हणाला. मग मेकॅनिकच्या डोक्याने विचार करायला लागला. चढणीवर गाडीने दुसरा गिअर मागितला होता, एकट्या माणसाला कशाला लागतो? हँडल पुढून हलकं लागत होतं, ब्रेक उशिरा धरत होता. दोघं बसल्यावर गाडी जशी वागते तशी ती वागत होती. त्याने मागचं चाक फिरवून पाहिलं. भिंगरीसारखं फिरलं, कुठे अडकत नव्हतं. चेन ठीक, हवा ठीक. मागचं शॉकअप तेवढं, वजन पडल्यासारखं, दबलेलं होतं.

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. गाड्यांच्या गर्दीत मिस्त्री उभा राहिला. शेजारी मोपेडवर पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते. त्यांनी मिस्त्रीच्या मागे एकदा पाहिलं, चक्क् केलं, आणि डावा हात लांब करून हवेत धरला. खांद्याच्या उंचीला, तळवा उघडा. कलत्या भिंतीला आधार द्यावा तसा.

"बाबा, काय... काय करताय?"

"धरलंय मी. तुम्ही निवांत राहा फाटक उघडेपर्यंत." आजोबा म्हणाले. "दमलेला असतो माणूस. आपणच बघायचं एकमेकांकडे."

आगगाडी येईपर्यंत, जाईपर्यंत, त्यांचा हात तसाच होता. म्हाताऱ्याचा दंड थरथरायला लागला होता, ओझं पेलल्यासारखा. फाटक उघडलं तेव्हा त्यांनी हात काढला, आणि मिस्त्रीच्या गाडीची मागची बाजू बारीकशी कलली. मिस्त्रीने दोन्ही पाय रोवून ती सावरली. बाकीच्या गाड्यांनी मागून हॉर्न वाजवले म्हणून तो निघाला.

बहिणीच्या दारात पोचल्याबरोबर त्याने कारकुनाला फोन लावला. उचलला नाही. बहिणीला दुसरी गाडी आहे का विचारलं, तर भावोजी ती घेऊन कामावर गेलेले. "आलास तसा निघ, दादा. अंधार करू नको," ती म्हणाली. भीती वाटतेय हे धाकट्या बहिणीला सांगायचं कोणत्या तोंडाने? त्याने गाडीच्या बाजूच्या डिकीतून जुन्या ट्यूबची लांब पट्टी काढली, मुलीला मागे बसवलं, आणि तिच्या पाठीमागून पट्टी घेऊन स्वतःच्या पोटावर करकचून गाठ मारली.

"बाबा, मी काय पार्सल आहे?"

"गप बस, बबडे. आणि झोपायचं नाही."

"रात्रभर वाचत बसले होते रे. डोळे चुरचुरतायत."

येताना सगळे मोटारसायकलवाले नुसते बघून जात होते. कोणी काही बोलेना. मिस्त्रीला हायसं वाटलं. बसायला जागा राहिली नाही, म्हणून गेला असेल उतरून, असा एक वेडा विचारही त्याच्या मनात आला.

तलावाकाठचा रस्ता सुरू होतो तिथे पेट्रोल पंप होता. सूर्य टेकायला आलेला. मुलगी पाणी प्यायला गेली आणि नेमका तेव्हाच कारकुनाचा फोन आला.

"साहेब, एक विचारतो, रागावू नका. गाडी पडली तेव्हा मागे कोणी होतं का?"

पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज आला.

"गाडी पडली नव्हती," कारकून म्हणाला. "धाकटा भाऊ होता मागे. रात्रपाळी करून आलेला, त्याला झोप लागली. मी आपला बोलतोय, बोलतोय... गाडी नुसती हलकी झाली. मला वाटलं, उतार लागला. बऱ्याच वेळाने मागे बघितलं, तर सीट रिकामी. घाईने गाडी फिरवली आणि मग कठड्याला धडकलो. तो तिकडे रस्त्यातच गेला."

मिस्त्रीने फोन कानाशी घट्ट धरला.

"बाजूने किती जण गेले असतील हो. एकानेही सांगितलं नाही, की मागचा झोपलाय." कारकुनाचा आवाज फुटला. मग तो एकदम हळू बोलायला लागला. "तुम्हाला... सांगतात का?"

"सांगतात."

"झोपलाय ना अजून?"

"तसंच म्हणतात सगळे."

"मग झोपू द्या. तुमच्या पाया पडतो, पण त्याला जागं करू नका. गाडी टेम्पोत चढवताना मी एकदा उठवला होता..."

फोन कट झाला. पुन्हा लावला, तर लागेना.

पंपवाला कुलूप घालत होता. बसवाल्यांच्या संपात रिक्षा-टेम्पोवालेही उतरले होते. पोरीला घेऊन या माळावर रात्र काढायची, तर सकाळची परीक्षा बुडणार. मिस्त्रीने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. ती जांभई देत होती. पुन्हा पट्टी बांधली, या खेपेला दुहेरी गाठ.

तलावाला कठडा नव्हता. डाव्या हाताला काळं पाणी, कुजलेल्या शेवाळाचा वास, आणि रस्ता असा की क्षणभर दुर्लक्ष झालं तर संपलं. थोडं अंतर गेल्यावर मुलीचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलं.

"बबडे..." तो कुजबुजला. "झोपू नकोस गं."

"अं."

डोकं अजून जड झालं. ट्यूबची पट्टी ताणली जात होती. रबराचा काय भरवसा? मोठ्याने हाक मारावी तर कारकुनाचे शब्द आठवत होते, न मारावी तर पोर पाण्यात जाईल. मिस्त्रीचे हात घामाने ग्रिपवरून घसरायला लागले. शेवटी बापच तो. जे व्हायचं ते होवो म्हणाला आणि मान वळवून ओरडला, "उठ! जागी राहा! ऐकू येतंय ना?"

"हो."

त्याच्या जिवात जीव आला. "उद्याचा पहिला पेपर कसला?"

उत्तर नाही.

"अगं, झोपलीस का? उठ म्हणतो ना!"

"हो." आवाज हलका, झोपेने घोगरा. पण कानाजवळ.

मग त्याने थांबूच दिलं नाही. उठ, डोळे उघड, बोल माझ्याशी. घसा बसेपर्यंत ओरडत राहिला. दर खेपेला मागून 'हो' यायचं, आणि ते दर खेपेला जरा स्पष्ट होत होतं. पोर शुद्धीवर येतेय, या समाधानात तो तलावाचं शेवटचं वळण उतरला. गावाचे दिवे दिसायला लागले. आता भीती नाही, असं तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात स्कूटरवरची एक बाई शेजारी आली. हसरी, पोक्त. तिने गालाखाली हात धरून झोपेची खूण केली.

"पोरगी गाढ झोपलीय हो तुमची! पण काळजी करू नका, मागच्यांनी चांगलं धरलंय तिला. घट्ट." तिने हात उंचावून निरोप घेतला आणि ती पुढे निघून गेली.

 मिस्त्री पुटपुटला, "बबडे... जागी आहेस ना?"

"हो."

त्याने गाडी थांबवली, इतक्या जोरात की मागचं चाक फरफटलं. गाठ सुटेना. नखांनी ओरबाडून सोडवली, मुलीला खाली ओढलं, खांदे धरून गदागदा हलवलं. तिने कसेबसे डोळे उघडले.

"आलं घर?"

"तू कधी झोपलीस?"

"पंपापासूनच." तिने डोळे चोळले. "किती घट्ट आवळलं होतंस रे बाबा. कंबर दुखायला लागली."

पट्टी तिच्या पाठीवर होती, कमरेला नव्हती.  तिचा हात धरून मिस्त्रीने तिला पुढे चालायला लावलं, दिव्यांच्या दिशेने. गाडी तिथेच टाकून द्यावी, असं शंभरदा मनात आलं. पण गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात सोडून यायची नाही, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेलं. वर, सोडली आणि ती रिकामी आपल्यामागे आली तर? डोळ्यांसमोर तरी राहू दे. त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि गाडी ढकलत निघाला. सपाट रस्त्यावरही ती जाम जड लागत होती. वळून बघायचं नाही, एवढं एकच त्याने धरून ठेवलं होतं. पोर खाली उतरली, जिवंत आहे, पुढे चालतेय. बाकी काही नको.

वस्ती जवळ आली तेव्हा मागून एक तरुण मोटारसायकलवाला आला आणि बाजूला रेंगाळला.

"काका, पेट्रोल संपलं? पाय लावू का?"

"नको रे बाबा. आलंच घर."

"मग यांना तरी उतरवा की!" तो सीटकडे बघून हसला. "चांगले जागे आहेत, आणि तुम्ही बसवून ढकलताय."

मिस्त्रीने ब्रेक दाबला. पुढे मुलगीही थांबून वळली होती. त्या तरुणाने सीटच्या दिशेने कान दिला, समजल्यासारखी मान डोलावली, आणि गिअर टाकता टाकता म्हणाला,

"काका, ते विचारतायत, घर अजून किती लांब आहे."