इंझोरी फाट्यावरची घंटी

दुपारी दोनची वेळ. इंझोरी फाटा. मानोऱ्याहून निघालेली बस इंजिन चालू ठेवूनच रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या दारात पेट्रोलची बाटली घेऊन हेमसिंग उभा होता.

अर्धी बाटली त्यानं आधीच आत ओतली होती. कंडक्टर पौर्णिमाच्या चपला भिजल्या होत्या, वासानं डोळे चुरचुरत होते. हेमसिंगच्या मुठीत काडीपेटी होती.

"समदे हात समोरच्या दांडीवर ठेवा. मले एकच गोष्ट पायजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी माही बायको हेमला ह्याच गाडीत होती. कळा येऊन राह्यल्या होत्या तिले. मी पुण्याले बांधकामावर. तुमी तिले इथं उतरवलं अन् गाडी निघून गेली. ती मेली इथं, डांबरावर. घंटी कोनं मारली?"

एक टोला थांबायला, दोन टोले निघायला. दोरी कंडक्टरच्या हातात असते. पण त्या दिवशी पौर्णिमा मागच्या बाकांवर तिकिटं देत होती.

"मी नाही मारली, भाऊ."

हे खरं होतं.

"मंग कोनं?"

रोज याच गाडीनं जाणारी, एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं खाली बघत बसली.

"उशीर होऊन राह्यला, एवढंच म्हनलं म्या," पहिल्या बाकावरचे निवृत्त मास्तर शेषराव पुटपुटले.

"काहून लबाड बोलता, गुरुजी?" बाजाराची टोपली पायाशी घेतलेली तुळसाबाई फिस्कारली. "गाडी हाये का दवाखाना, असं म्हनले तुमी!"

"अन् तुमी? सीट खराब होईन, उतरवा इले, हे कोन म्हनलं?" मास्तर तिच्यावर उलटले.

खिडकीशी तोंडाला ओढणी बांधलेली एक मुलगी हुंदके देत होती. निकिता. "मी नर्स आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी ड्युटी संपली होती... कुणी ओळखू नये म्हणून तोंड झाकून घेतलं..."

पौर्णिमाच्या अंगाची लाही लाही झाली. "नर्स होतीस? आणि बसून राहिलीस? तिकडे एक बाई कुत्र्यासारखी मरत होती आणि तुम्हाला सीटची पडली होती! लाज नाही वाटत?"

हेमसिंग सावकाश तिच्याकडे वळला.

"अन् तुमी, बाई? गाडी निघाल्यावर मांगं पाह्यलं होतं का?"

पौर्णिमानं पाहिलं होतं. मागच्या काचेतून. हिरव्या बांगड्यांचा एक वर उचललेला हात, लहान लहान होत गेलेला. एक टोला दिला असता तर गाडी थांबली असती. पण उशिराचा मेमो आला असता. तेवढ्यासाठी.

"नाही," ती म्हणाली.

टण... टण.

सगळ्यांचे हात दांडीवर होते. छताखालची दोरी मात्र ताठ ताणलेली होती, कुणीतरी सगळा भार टाकून लोंबकळावं तशी. तिला कंप सुटला होता. पेट्रोलच्या वासावर दुसरा एक वास चढत गेला... ओला, कोमट, बाळंतिणीच्या खोलीतला.

ड्रायव्हर मारोतरावांच्या हातापायांना तीस वर्षांची सवय. दोन टोले ऐकले की मागं बघायचं नाही. गिअर पडला, गाडीनं हिसका घेतला आणि दारातला हेमसिंग मागच्या मागं रस्त्यावर कोसळला.

पौर्णिमानं झेप घेऊन दोरी ओढली. एक टोला, फक्त एक द्यायचा होता. दोरी हलेना. पलीकडून कुणीतरी घट्ट धरली होती.

"थांबवा!" ती किंचाळली, तेव्हा कुठं गाडी थांबली.

हेमसिंगचा पाय मोडला. संध्याकाळच्या आत त्याच्यावर गुन्हा दाखल झाला: माणसं ओलीस धरली, जाळायला निघाला. गाडीतल्यांचे जबाब झाले, त्यांना चहा मिळाला. हेमलाच्या मरणाचा गुन्हा कुणावरच नाही.

दवाखान्यात तो खाटेला बेडीनं बांधलेला होता. पौर्णिमा त्याच्याजवळ गेली.

"मी पाहिलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "काचेतून. आणि गप्प बसले."

त्यानं मान तिच्याकडे वळवली.

"मंग लेकरूयी पाह्यलं असन तुमी?"

"लेकरू तर... पोटातच गेलं ना?"

"डॉक्टरनं चिरफाड केली तिची. पोट रिकामं होतं, बाई. नाळ नीट कापून बांधलेली होती."

फाट्यावर हेमला एकटी सापडली होती. मूल कुठं आहे, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते कुणी शोधलेलंही नाही.