बुधवारचा श्वास

माझी आई मंगळवारी ठणठणीत असते आणि बुधवारी संध्याकाळी तिला दोन वाक्यंसुद्धा सलग बोलता येत नाहीत. गुरुवारी थोडं बरं, शनिवारी आणखी बरं. कॅलेंडर बघून येणारा हा कुठला आजार?

आमच्या गावच्या सूतगिरणीला मंगळवारी सुट्टी असते. २०६१ साल उजाडलं, कापूस पिंजायची यंत्रं आपली आपण चालू लागली, पण त्यात अडकलेला गुंता काढायला आईच लागते. गिरणी दरवर्षी एका रोबोकडून कामगारांची फुप्फुसं तपासून घेते, तीही मंगळवारी, कामाचा खोळंबा नको म्हणून! यंदाही अहवाल आला : 'चंद्रकला भोयर, फुप्फुसे उत्तम.' हा अहवाल पक्का झाला, की आईला धुळीचं खातं बदलून मिळणार नव्हतं. व्यवस्थापक टेंभरे साहेब म्हणाले, "बुधवारचा खोकला म्हणजे कामाचा कंटाळा, बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळा सुटल्यावर मी तडक तपासणीच्या रोबोला गाठलं.

"खोटं का लिहिलंस?"

"मी खोटं लिहीत नाही, श्राव्या," तो म्हणाला. "माझ्यात स्पायरोमीटर (श्वास मोजणारं यंत्र) आहे. छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकलं, की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मी मोजतो. श्वासनलिका आकसल्या, की हवा अडते आणि आकडा घसरतो. मंगळवारी आईचा आकडा चांगलाच होता."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी मला कुणी मोजायला सांगितलेलं नाही."

मग त्यानं नीट समजावलं. कापसाच्या धुळीत जिवाणूंचे बारीक अंश असतात. ते श्वासनलिकांना डिवचतात. रोज धूळ खाऊन शरीर थोडं कोडगं होतं. सुट्टीत तो कोडगेपणा उतरतो, म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत नलिका सर्वांत जास्त आकसतात. याला बिसिनोसिस (कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा विकार) म्हणतात.

"वेळीच धूळ थांबवली, तर फुप्फुसं सावरतात," रोबो म्हणाला. "वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं, तर नाही."

हे मी आईला सांगितलं. बुधवारी पाळीआधी तिनं फुंकलं : २.४ लिटर. पाळी संपल्यावर ती पुन्हा रोबोच्या नळीपाशी गेली, तर टेंभरे साहेब आडवे आले. "यंदाची तपासणी झालीय. हे कुणाच्या परवानगीनं?"

मला वाटलं, आई मान खाली घालून परत फिरेल. ती धापा टाकत म्हणाली, "श्वास माहा हाये, सायेब. फुकाले... परवानगी कायची?"

आकडा आला १.९. एका पाळीनं आईची अर्धा लिटर हवा हिरावली होती! मला रडू आलं, आणि रागही. तिच्यामागे अठरा बाया रांगेत उभ्या राहिल्या. आईचं ऐकून त्यांनीही सकाळी फुंकलं होतं. अकरा जणींचे आकडे घसरले. साहेबांनी रोबोला बंद व्हायला सांगितलं.

"रांग संपल्यावर," रोबो म्हणाला.

ते घसरलेले आकडे अहवालात गेले, आणि आता आमच्या गिरणीत धूळ शोषणारे पंखे बसलेत. आई सूत गुंडाळायच्या खात्यात गेलीय, आणि तपासणी दर वर्षी बुधवारी दोनदा होते, पाळीआधी आणि पाळीनंतर. पण शेजारच्या गावातल्या गिरणीत अजून सुट्टीच्या दिवशीच बायांना फुंकायला लावतात. आई पदर खोचून तिकडे निघालीय. रोबो माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसायला तयार नव्हता. बसवला! या आठवड्यात तिथल्या बायाही दोनदा फुंकणार, साहेब हो म्हणोत की न म्हणोत.