बलकातला गुरुवार

अवशेष-तपासणी प्रयोगशाळेत सगळे एका अंड्याभोवती जमले होते. डॉ. विश्राम घारपुरे तेवढे भिंतीला टेकून मागे उभे होते. अंडी घुसळून त्यांतलं कीटकनाशक मोजण्यात आजवर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली हेमलता शिरोळे 'वलयवाचक' यंत्र घेऊन आली होती. ते मंजूर झालं, की घारपुऱ्यांची पद्धत अडगळीत जाणार होती. महिनाभर त्यांचा नुसता जळफळाट चालला होता.

आज मात्र ते निर्धास्त होते. चाचणीसाठी वेगळ्या पाळलेल्या, औषधाचा वाराही न लागू दिलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात त्यांनी गुपचूप कीटकनाशक मिसळलं होतं. स्वच्छ अंड्यात विष दाखवणारं यंत्र कोण घेणार?

"यात तर विष दिसतंय," समितीच्या अध्यक्ष ओकबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "हे अंडं स्वच्छ हवं होतं ना?"

हेमलताचा चेहरा उतरला. घारपुऱ्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांची त्यांनाच जरा लाज वाटली.

"नवं यंत्र आहे, चुकायचंच," ते मायेने म्हणाले.

"थांबा सर." हेमलताने चित्र मोठं केलं. "बलक एकदम भरत नाही. कांद्यासारखा त्यावर रोज नवा पापुद्रा चढतो. कोंबडीने त्या दिवशी जे खाल्लं, ते त्या दिवसाच्या पापुद्र्यात उतरतं. इथे आतले सगळे स्वच्छ आहेत, मग एक एकदम गडद, आणि पुढचे फिके होत गेलेत. विष कोणीतरी एकदाच दिलंय."

"काहीतरीच काय! बलक म्हणजे एकजीव गोळा."

"सर, माझ्या शोधनिबंधाच्या दुसऱ्याच पानावर आहे हे. तुम्हीच तपासून सही केली होतीत."

सही केली होती खरी. पण पहिल्या पानावर तिचं नाव दिसल्यावर त्यांनी ते पान उलटलंच नव्हतं.

"दिवस कोणता?" ओकबाईंनी विचारलं.

हेमलता बाहेरून आत पापुद्रे मोजत गेली. "गेला गुरुवार."

गुरुवारी शहरात हेमलताचा सत्कार होता. शिपायासकट सगळी प्रयोगशाळा तिकडे गेली होती. तिच्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या ऐकवणार नाहीत, म्हणून डोकेदुखीचं कारण सांगून एकटे घारपुरे मागे राहिले होते.

ओकबाईंनी मंजुरीच्या कागदावर सही केली. "कोणालाही न सांगता दिलेली मात्रा यंत्राने दिवसासकट ओळखली. याहून कडक चाचणी आम्हाला सुचली नसती."

मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली.

"डोकं कसं आहे आता, घारपुरे?"