पुसलेल्या चेहऱ्याची नाणी

कुणाला खोटं वाटलं तर वाटो. हेकाटे देवीची शपथ घेऊन सांगते, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. इथेच, स्ट्रॅटोनिकेयात, आमच्या गावच्या टांकसाळीत. अमावास्येची संध्याकाळ होती.

तेव्हा दोघे भाऊ मिळून सम्राट होते. त्या वर्षी थोरल्याने धाकट्याला आईच्या मिठीतच कापून काढलं. आमच्या तांब्याच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. हुकूम आला, धाकट्याचं तोंड छिन्नीने उडवा.

काम माझ्या भावाकडे आलं, थ्रासोनदादाकडे.

"दादा, आज तरी हातोडा ठेव. चौकात देवीचं पान मांडायचंय."

"तू मांड, आफिआ. सकाळी शिपाई येतील. एका नाण्यावर जरी ते पोर दिसलं, तर माझं मुंडकं उडेल. तुझी देवी दुसरं देणार आहे का?"

मी चौकात अंडी, लसूण ठेवून परतले.

हातोड्याचा आवाज बंद होता...

दादा नाण्यांच्या ढिगापुढे पांढराफटक पडून बसला होता.

"बघ गं. तुलाही दिसतंय का?"

मी नाणं उचललं. धाकटा जागच्या जागी होता. हसत होता.

आणि थोरल्याच्या जागी... नुसता खड्डा.

सगळ्या नाण्यांवर तेच!

सम्राटाचं तोंड फोडलं म्हणजे मरणच. दादाने सगळी नाणी टोपलीत भरून भट्टीत ओतली. तांबं वितळू लागलं.

आतून कुणीतरी हाक मारली...

"आई..."

भट्टीचा जाळ बघून शिपाई तेव्हाच आले. दार फोडून आत घुसले.

"सम्राटाची नाणी वितळवतोस, हरामखोरा?"

दोघांनी दादाचं डोकं ऐरणीवर दाबलं. तिसऱ्याने दादाचाच हातोडा उचलला. आधी दात गेले. मग नाक. मी किंचाळत होते, पण हातोडा थांबेना. शेवटी दादाच्या तोंडाच्या जागी खड्डा उरला.

भट्टीबाहेर एक नाणं सांडलं होतं. शिपायाने ते उजेडात धरलं.

थोरला धडधाकट होता. धाकटा साफ पुसलेला.

"काम तर चोख केलं होतं की गड्याने," तो म्हणाला.

आता मी म्हातारी झाले. टांकसाळीला कुलूप लागलंय. नाणी बाहेरून येतात, वर चांदीचा नुसता मुलामा. सम्राटही भराभर बदलतात. मी त्यांची तोंडं बघत नाही.

परवा मासेवाल्याने दिलेलं नाणं सहज बोटाने चोळलं. मुलामा निघाला.

खाली तांब्यात एक तोंड होतं... दात नसलेलं. उघडं.

ते नाणं अजून माझ्याकडेच आहे. बाजारात कसं देऊ? माझा दादा आहे तो.